गुरुवारची वीज

गुरुवार, ९ ऑक्टोबर

डायरी लिहिणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. आपण फार महत्त्वाचे आहोत असं त्यांना वाटत असतं. ही डायरी नाही, नोंदवही आहे. ज्ञानेश म्हणाला, "धम्मपालभाऊ, सिस्टिम सुधारायची तर रोज काय ऐकू आलं ते लिहून ठेवा." ज्ञानेश वाकडला राहतो, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि उरलेल्या वेळात लोकांना स्पीकर विकतो. विकतो म्हटलेलं त्याला खपत नाही, 'मार्गदर्शन करतो' म्हणायचं.

नोंदींचं मला वावडं नाही. चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं तेच करतोय. गिअरबॉक्स तयार झाला की शेवटच्या टेस्ट बेंचवर फिरवतात, मी ऐकतो, आणि आत शिट्टी, घरघर काही नसेल तर माझा शिक्का बसतो. माझ्या जागी सेन्सर बसवायचं दोनदा ठरलं. दोन्ही वेळा सेन्सर परत गेला आणि मी राहिलो. प्लँटमध्ये मला 'कान' म्हणतात. बाकी सगळ्यांना इअरप्लग सक्तीचे, मला माफ. कानाचीच नोकरी असलेल्या माणसानं कानात बोळे घालून बसायचं का? पलीकडे प्रेस शॉप आहे, दिवसभर धाडधाड चालू असते आणि उकाड्यामुळे आमच्या केबिनचं दार उघडंच असतं. पण सवय झालीय.

आज सुट्टी. सकाळी दादांची कॅसेट लावली. माझे वडील, 'खंडू आणि पार्टी', तळेगावचा जयंतीचा कार्यक्रम, १९८६. दादा गातायत, ढोलकी आहे, मागे कोरसात आई, आणि आईच्या हातात झांज. ही सगळी सिस्टिम मी त्या एका कॅसेटसाठी उभी केली. आज झांजेचा ठोका न् ठोका वेगळा ऐकू आला. आईनं दोन गाणी ऐकली आणि उठून खाली गेटपाशी जाऊन बसली. दादांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तिला त्यांचा आवाज सहन होत नाही. मी समजू शकतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कंपनीतून आलो, चहा घेतला, कॅसेट लावली. झांज गायब. काल अर्धीमुर्धी होती, आज नाहीच. आवाज वाढवला तर दादा मोठे झाले, ढोलकी मोठी झाली, झांज नाही ती नाहीच. कोणी वर गोधडी टाकल्यासारखं वाटत होतं. कॅसेट तीच, डेक तोच, खुर्ची तीच.

जयमाला आतून म्हणाली, "अहो, वाजतेय की छनछन. जरा कमी करा ना." जयमाला, म्हणजे आमची बायको, महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते, आणि घरी आली तरी वर्ग सुटत नाही. भाजी निवडत मोबाईलवर गाणी ऐकणारीनं मला झांज सांगावी.

सोमवार, १३ ऑक्टोबर

ज्ञानेशला फोन केला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे सुट्टी कधी असते?" म्हटलं, गुरुवारी. तो हसला. म्हणाला, "उत्तर तुम्हीच दिलंत. गुरुवारी अख्खा औद्योगिक पट्टा बंद. लाईनवर मोटारी नाहीत, वेल्डिंग नाही, प्रेस नाहीत. वीज स्वच्छ. बाकीचे सहा दिवस तुम्ही कारखान्यांचं सांडपाणी स्पीकरला पाजताय, भाऊ."

माणूस बोलबच्चन आहे, पण मी असल्या गोष्टी ऐकून सोडून देणाऱ्यातला नाही. ऑगस्टपासूनचं आठवून कागदावर आलेख काढला. गुरुवारी आवाज उंच, शुक्रवारी संध्याकाळी अर्धा, मग रोज खाली खाली, बुधवारी तळाला. पुन्हा गुरुवारी वर. कुठंही खोट नाही. याला म्हणतात डेटा. उपाय एकच, पॉवर कंडिशनर. वीज भिंतीतून येते, त्यात गाळली जाते आणि मग पुढे जाते.

जयमालाला आलेख दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे गाळणी."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ज्ञानेशकडे डेमोला गेलो. चार माणसं डोळे मिटून सोफ्यावर बसलेली. ज्ञानेशनं कंडिशनर लावला तसा एकजण म्हणाला, "शांतता जास्त काळी झाली." दुसऱ्याला गाणारीचे ओठ दिसायला लागले. तिसऱ्यानं तर डोळे पुसले. चौथ्याला बहुतेक झोप लागली होती. असल्या लोकांचं मला फार हसू येतं. कुठल्या तरी महाराजांच्या बैठकीला आल्यासारखे बसतात.

फरक मात्र होता. मी ऑर्डर दिली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

डबा आला. दळण आणल्यासारखा दोन हातांनी उचलून वर आणला. पुढे एक निळा दिवा आहे, बाकी काही नाही. ज्ञानेशनं सांगितलंय, दोनशे तास चालू ठेवायचा, मग खरा गुण दाखवतो. तो मुरावा लागतो.

"लोणचं आहे का?" जयमाला म्हणाली.

ऐकताना फ्रिज, वायफाय आणि ट्यूबलाईट बंद ठेवायच्या. फ्रिज लाईन सर्वांत जास्त घाण करतो. जयमालानं अंधारात लसूण सोलला आणि माझ्या खानदानाबद्दल दोन शब्द बोलली. ते आईनंही ऐकले आणि मान डोलावली.

बुधवार, २२ ऑक्टोबर

रविवारपासून प्लँट दिवाळीला बंद आहे. आज चौथा दिवस, आणि काय सांगू. झांज तर आहेच, दादा कडवं उचलायच्या आधी श्वास घेतात तोही ऐकू आला. शेवटच्या गाण्यात आई किंचित उशिरा झांज मारते आणि मग ती आणि शेजारची बाई हसतात. ते हसणं मी पुरता विसरलो होतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी त्या सोफ्यावरच्या लोकांसारखा नाही, पण आलं.

एकूण शहाण्णव तास झालेत. दोनशे झाल्यावर काय होईल याची कल्पना करवत नाही. जयमाला म्हणते, "चार दिवस घरी आहात, झोप झालीय, चेहरा बघा जरा किती बरा झालाय." म्हणजे मी एवढी खटपट करायची आणि श्रेय झोपेला.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

प्लँट शनिवारी सुरू झाला आणि झांज पुन्हा बसली. दोनशे तास पुरे झालेत. निळा दिवा लागलेला आहे. मी आवाज इतका वाढवला की कपाटातले स्टीलचे डबे वाजायला लागले. आई पहिल्याच गाण्याला उठून गेली.

ज्ञानेश म्हणतो, "डब्यात दोष नाही, भाऊ. गाळलेली घाण जाणार कुठं? तुमच्या बिल्डिंगचं अर्थिंग बघा." बघितलं. अर्थिंगच्या नावानं बिल्डरनं एक वायर जमिनीत खोचली आहे. स्वतंत्र खड्डा घ्यायला हवा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सकाळी वायरमनला घेऊन पार्किंगमागच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. तांब्याची पट्टी उभी केली, भोवती एक थर कोळसा, एक थर जाडं मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वरून पाणी ओतलं. दर आठवड्याला एक बादली ओतायची, ओल राहिली पाहिजे.

संध्याकाळी झांज स्पष्ट. अर्थिंगचाच प्रश्न होता.

रविवार, २ नोव्हेंबर

खड्ड्यावर कोणीतरी लिंबू ठेवलं होतं. आणि सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमन अर्जुनरावांचा मेसेज: 'काही सभासद सार्वजनिक जागेत मीठ, कोळसा पुरून अघोरी प्रकार करत आहेत. लहान मुले खेळतात. नोंद घ्यावी.'

खाली जाऊन अर्जुनरावांना गाठलं. हा माणूस नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबं चिरडतो, वास्तूला पटत नाही म्हणून सोसायटीचं पुढचं गेट दीड वर्षं बंद ठेवून सगळ्यांना मागच्या गेटनं फिरवतो, आणि मला अघोरी म्हणतो. म्हटलं, "राव, आमच्या आजोबांनी छप्पन साली देव्हारा उचलून इंद्रायणीत सोडला. तेव्हापासून आमच्या घरात उतारा नाही, नवस नाही, काही नाही. माणूस ओळखून बोला."

"मग ते मीठ कशाला पुरलंय?"

"आवाज सुधारायला."

अर्जुनराव एक पाऊल मागे सरकले. म्हणाले, "कुणाचा?"

अडाण्यांशी बोलण्यात अर्थ नाही. वर आलो. जयमाला गॅलरीतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "डब्याला हार आणू का येताना?"

बुधवार, ५ नोव्हेंबर

कंपनीत नवी भानगड. ग्राहकाकडून गिअरबॉक्स परत यायला लागलेत. तक्रार काय, तर तिसऱ्या गिअरला बारीक शिट्टी येते. एक ड्रायव्हर म्हणे दोनशे किलोमीटर ती ऐकत गेला आणि डोकं धरून बसला. ड्रायव्हर हल्ली नाजूक झालेत.

स्वरूपा मॅडम बेंचवर आल्या. क्वालिटीच्या मॅनेजर, एकतीस-बत्तीसच्या असतील. मी या बेंचवर बसलो तेव्हा त्या पहिलीत बाराखडी गिरवत असतील. हातात सतत लॅपटॉप, जणू जन्मतानाच घेऊन आल्या. परत आलेला एक बॉक्स फिरवून दाखवला. मी ऐकलं. म्हटलं, "मॅडम, यात काही नाही." बाजूचा ऑपरेटर जमिनीकडे बघत होता. मॅडमना खूश करायला त्यालाही ऐकू आली असणार शिट्टी.

पगार त्यांना, कान मला, अशी कंपनीची वाटणी आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजच्याइतकं स्वच्छ कधीच ऐकलं नव्हतं. ज्ञानेशला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "आता डबा आणि अर्थिंग एकमेकांना ओळखायला लागले." हसू आलं, पण खोटं कसं म्हणू? झांज अगदी उजव्या हाताशी. जयमालाला हाक मारून बसवलं, म्हटलं, ऐक, ही डब्याची करामत. ती ऐकत बसली आणि पदर तोंडाला लावून बसली. तिलाही भरून आलं असावं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा गोधडी. अर्जुनरावांना विनंती केली की संध्याकाळी सात ते आठ लिफ्ट बंद ठेवा, तिची मोटर लाईन बिघडवते. ते म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेदुखीवाल्या मंजुळाबाईंना तुम्ही उचलून न्या. त्या मंजुळाबाई तेव्हा तिथंच उभ्या होत्या, आणि तयारही दिसत होत्या.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लिहायचं मन नाही, पण नोंद ती नोंद.

तीन वाजता मॅडमनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, "धम्मपाल सर, बसा. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त हे बघा." लॅपटॉप फिरवला. परत आलेले सगळे बॉक्स त्यांनी शिक्क्याच्या वारानुसार लावले होते. शुक्रवारचा एकही नाही. शनिवारचा एक. रविवारी तीन, सोमवारी चार, मंगळवारी सहा, बुधवारी नऊ.

हा आलेख मी ओळखत होतो. तो माझ्या घरी खुर्चीशेजारी भिंतीला चिकटवलेला आहे, फक्त उलटा. गुरुवारच्या सुट्टीनंतर चांगलं, मग रोज थोडं थोडं खाली, बुधवारी तळाला.

मनात आधी ज्ञानेशच आला. वीज, लाईन, अर्थिंग. पण गिअरबॉक्सला प्लग नसतो.

मॅडम म्हणाल्या, "सर, सुट्टीनंतर तुम्हाला बरोबर ऐकू येतं. मग आठवडाभर..." वाक्य तसंच सोडून त्यांनी लॅपटॉप मिटला. मला वाटलं होतं या बाईला आनंद होईल. तसं काही दिसलं नाही.

बेंचवर परत आलो. सत्तेचाळीस बॉक्स शिक्क्याची वाट बघत होते आणि गेटवर ट्रक उभा. डिस्पॅचचे लोक दोनदा डोकावून गेले, "काका, मारा ना, तुमचं काय, पाच मिनिटांचं काम." खरं होतं, पाच मिनिटांचं काम. शिक्का हातात होता. मारला असता तर आज कुणी काही म्हणालं नसतं, माझी जागा राहिली असती, मॅडमनीही बहुधा आणखी एखादा आठवडा वाट बघितली असती. मी पहिला बॉक्स फिरवला, कान लावला. काही ऐकू आलं नाही. सव्वीस वर्षं याचा अर्थ 'चांगला' असाच होता.

बिघडलेल्या मापाला, म्हणजे मोजायच्या उपकरणाला, आम्ही लाल टॅग बांधतो, 'वापरू नये' म्हणून. ड्रॉवरमधून तो टॅग काढला आणि शिक्क्याच्या मुठीला बांधला. ट्रक रिकामा गेला. डिस्पॅचवाले जे बोलले ते नीट ऐकू आलं, एवढं मात्र खरं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

चिंचवडला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ काहीच आलं नाही म्हणून मशीन बिघडलं का विचारलं. डॉक्टर म्हणाले, मशीन चालू आहे.

कागदावर रेघ सरळ जाते आणि बारीक आवाजांपाशी विहिरीत पडावी तशी पडते. डॉक्टरांनी समजावलं. गोंगाटात दिवसभर बसलं की कान थकतो, एक दिवस विश्रांती मिळाली की थोडा सावरतो. पण दर वेळी थोडं कमी सावरतो. एक दिवस सावरायचा थांबेल. गोंगाट सोडला तर आहे ते टिकेल. गेलेलं येणार नाही. "इअरप्लग वापरत नव्हता?" मी सांगितलं, मला माफ होते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

रिक्षात जयमाला म्हणाली, "एक सांगायचंय. रागावू नका." तेरा तारखेपासून डबा नुसता दिसायला चालू आहे. सिस्टिमची वायर तिनं काढून थेट भिंतीत लावलीय, फ्रिजच्या बोर्डात. 'डब्याची करामत' म्हणून मी तिला बसवून ऐकवलं तेव्हा ती रडत नव्हती, हसू दाबत होती. "तेव्हा हसू आलं हो," ती म्हणाली, "नंतर रात्रभर भीती वाटली. डबा नाही, अर्थिंग नाही, मग आठवडाभर ह्यांचं जातं कुठं?" तिनं माझा हात धरला. डांगे चौक येईपर्यंत सोडला नाही. मला राग आला नाही. फार वाईट वाटलं आणि फार लाज वाटली, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

घरी आईला सगळं सांगितलं. म्हटलं, दादांचा आवाज तुला सहन होत नाही हे माहितीय, पण एकदा पूर्ण कॅसेट माझ्याबरोबर ऐक, आज मला ऐकू येतंय.

आई म्हणाली, "मला का न्हाई सहन व्हायचा? तू लई मोठ्यानं लावतोस. तुझा बाप आयुष्यात कधी एवढ्या मोठ्यानं गायला न्हाई. कान दुखत्यात माझं, म्हणून खाली जाऊन बसते."

"मग सांगायचं नाहीस?"

"तुला एवढी हौस. म्हटलं असू दे."

आवाज तिला हवा तेवढा ठेवला. ती शेवटपर्यंत बसली, बोटांनी मांडीवर ताल धरून. शेवटच्या गाण्यात उशिरा झांज मारते तिथं ती पुन्हा हसली. त्या आवाजात मला तिची झांज ऐकू आली नाही, गुरुवार असूनही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मला स्टोअरला दिलंय, प्लँटच्या दुसऱ्या टोकाला. इअरप्लगची जोडी मिळाली, सही करून घेतली. बेंचवर सेन्सर येतोय.

पण प्रकरण तेवढ्यावर मिटत नाही. माप बिघडलेलं सापडलं की आमच्याकडे नियम आहे: ते माप शेवटचं बरोबर कधी होतं ती तारीख शोधायची, आणि तिथून पुढचा सगळा माल परत तपासायचा. सेन्सरची तारीख फाइलीत असते. कानाची कुठं असणार? मॅडमनी विचारलं, "सर, काहीतरी नोंद असेल ना?" मी म्हणालो, आहे. घरी एक वही आहे.

म्हणजे ही वही फाइलीला लागणार. मॅडम वाचतील, ऑडिटर वाचतील. बाराखडी, लॅपटॉप, पगार त्यांना आणि कान मला, सगळं. जयमाला म्हणाली, तेवढी पानं फाडा. पण नोंदीचं पान फाडायचं नसतं, व्हाइटनर लावायचा नसतो, हे मीच सव्वीस वर्षं पोरांना शिकवलंय. मॅडम, तुम्ही इथपर्यंत आलात तर एवढंच सांगतो, ते लिहिताना मला तसंच वाटत होतं. आता वाटत नाही.

आज फॉर्म भरायला बसलो. रकाना आहे, 'माप शेवटचे बरोबर असल्याची खात्रीची तारीख'. वही पहिल्यापासून चाळली. झांज ऐकू आली ते दिवस बघत गेलो. नऊ ऑक्टोबर, गुरुवार. दिवाळी. तीस ऑक्टोबर, गुरुवार. तेरा नोव्हेंबर, गुरुवार. सगळे प्लँट बंद असतानाचे दिवस. ज्या दिवशी मी बेंचवर होतो, त्यातल्या एकाही दिवसाची खात्री ही वही देत नाही. ऑगस्टच्या आधीचं तर मी कधी लिहिलंच नाही, कारण तेव्हा मला शंकाच नव्हती.

रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.